सुईताईंचा नेम

सुईताईंना खिडकीवर बसवलं, त्या दिवशी लॅबमधल्या कुणाचीही त्यांच्या वाऱ्याला उभं राहायची हिंमत झाली नाही. खिडकी म्हणजे आलेल्या माणसाचं नाव, वय विचारायचं आणि "उपाशीपोटी आलात ना?" म्हणून खात्री करून घ्यायची जागा. सगळं आयुष्य आतल्या खुर्चीशेजारी उभं राहून लोकांचं रक्त काढण्यात गेलेल्या बाईला तिथे बसवायचं, म्हणजे आचाऱ्याला ताटं पुसायला लावण्यातलाच प्रकार. सुईताईंनी पहिल्या तासात तीन माणसांना चहा पिऊन आल्याबद्दल झापलं. त्यातल्या एकाने चहा प्यायला नव्हता, तो नुसताच घाबरून हो म्हणाला.

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या वेळी निघायचं. एरवी डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या सुईताई. हे नाव पेशंटांनी दिलेलं. कुणाचीही शीर असो, लपलेली, पळणारी, औषधांनी सुकून गेलेली, सुईताई दंडाला पट्टा बांधायच्या, कोपराच्या खळीत बोटाने दोनदा चाचपायच्या आणि माणूस "टोचताय का?" असं विचारेपर्यंत नळी भरलेली असायची. "श्वास धरू नका, सोडा. मी काय तुम्हाला पाण्यात बुडवतेय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लोक त्यांच्या बोलण्याला जेवढे घाबरायचे, तेवढे सुईला घाबरायचे नाहीत.

आणि आता डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "ताई, थोडे दिवस हाताला विश्रांती द्या. एकदा कुणाला तरी हात दाखवून घ्या. मग बघू."

"हाताला काय धाड भरलीय?" सुईताई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही, हेच सुईताईंना जास्त लागलं. बाईंनी एवढंच सांगितलं की परवा त्या लहान मुलीला दोनदा टोचावं लागलं आणि नळ्या रॅकमध्ये ठेवताना त्यांचा आवाज येत होता. सुईताईंनी रॅकला दोष दिला. रॅक बिचारा गप्प राहिला.

हात थोडा थरथरतो, हे त्यांना ठाऊक होतं. अलीकडेच सुरू झालंय, अशी त्यांची समजूत होती. कधी त्याचं खापर त्या झोपेवर फोडायच्या, कधी लॅबच्या थंडगार एसीवर, कधी डॉक्टरीणबाईंवर. दाखवायला जायचा प्रश्नच नव्हता. दाखवलं की त्या आजाराला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की सुई गेली. शीर शोधणं सोडून आपल्याला दुसरं काहीही धड येत नाही, हे त्या मनातल्या मनात पक्कं ओळखून होत्या. त्यामुळे खिडकीवर बसल्या बसल्या त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

त्याच खिडकीवर कुणीतरी टाकून गेलेलं एक मासिक त्यांच्या हाती लागलं. त्यात लिहिलं होतं की व्हिडिओ गेम खेळणाऱ्या सर्जनांचे हात म्हणे जास्त स्थिर असतात. सुईताईंनी ते पान दोनदा वाचलं आणि घरी जाऊन नवऱ्याला फर्मावलं, "मला गोळीबाराचा गेम आणून द्या. लांबून नेम धरायचा असतो ना, तसला."

नवऱ्याचं नाव काटेसाहेब, तेही लोकांनीच दिलेलं. ते सरकारी खात्यात होते. बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणं हे त्यांचं काम. चुकीच्या काट्याला ते शिक्का मारत नसत, मग समोर मोठा व्यापारी असो नाहीतर सख्खा मेहुणा. मेहुण्याचा काटा त्यांनी खरोखरच जप्त केला होता. तेव्हापासून सुईताईंचं माहेर त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचं. बाहेर असे कडक असलेले हे गृहस्थ घरात मात्र इतके मऊ होते की सुईताईंना भांडायला धड समोरचा माणूसच मिळत नसे. भाजी खारट झाली तरी, "छान झालीय गं."

"गोळीबाराचा?" ते म्हणाले. "बरं."

मुलगी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिचं गेमचं यंत्र मागे राहिलं होतं. काटेसाहेबांनी दुकानातल्या सवलतीच्या टोपलीतून गेम आणला. डबीचा कोपरा चेपलेला, वर बंदूक घेतलेला सैनिक, आणि त्या सैनिकाच्या हाताला चित्रकाराने बहुधा एक बोट जास्त काढलेलं. मिळेल त्या किमतीला खपवायला काढलेला गेम असतो, तसाच तो होता. शत्रूचे सगळे सैनिक एकाच साच्यातून काढलेले, सगळ्यांना एकच मिशी. मेलेला माणूस कधी जमिनीवर पडायचा, कधी अर्धा भिंतीत शिरून पाय हलवत राहायचा. एका मोहिमेत तर बकरी हवेत उभी होती.

सुईताईंना हे काहीच खटकलं नाही. त्यांना खटकलं ते दुर्बिणीतलं गोल वर्तुळ. त्याच्या मधोमध फुलीची रेघ, आणि ती फुली जागेवर राहीना. एक बटण दाबलं की सैनिक श्वास रोखून धरायचा आणि फुली क्षणभर शांत व्हायची. "श्वास रोखून धरा म्हणे!" सुईताई पडद्यावर ओरडल्या. "मूर्खा, श्वास सोडायचा असतो!" तरी त्यांनी बटण दाबलं, गोळी झाडली आणि ती सरळ आभाळात गेली. मिशीवाला वळून "कोण आहे तिकडे?" म्हणाला. मग सगळे मिशीवाले धावून आले आणि त्यांनी सुईताईंना ठार केलं.

लॅब सकाळची असायची, त्यामुळे दुपार त्यांची स्वतःची होती. रोज दुपारी पदर खोचून त्या रिमोट हातात घ्यायच्या. त्याला कंट्रोलर म्हणतात, हे मुलीने फोनवर सांगून पाहिलं, पण सुईताईंच्या घरात जे हातात धरून टीव्हीकडे रोखायचं ते रिमोट. त्या मरायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. गेम ज्याला सुचला त्याच्या आईबापापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या. शेजारीण एकदा वाटी परत करायला आली. आतून "ये ना, मुडद्या, डोकं वर काढ!" असं ऐकून ती वाटी दारातच ठेवून गेली.

पण फुली थांबेना. पंधरवडा झाला तरी पहिल्या मोहिमेतला टाकीमागचा मिशीवाला जिवंत. एका संध्याकाळी त्यांनी रिमोट सोफ्यावर आपटला आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. भांडी घासण्याचा आवाज मोठा ठेवून रडल्या, पण काटेसाहेबांना कळायचं ते कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात चमत्कार झाला. टाकीमागचा मिशीवाला पडला. मग पुलावरचा, मग मनोऱ्यावरचा. फुली डोक्याशी गेली की तिथेच रुतून बसायची. "शाबास, सैनिक!" असं कमांडर खर्जातल्या आवाजात म्हणायचा आणि सुईताई लाजून "चल हट" म्हणायच्या. संध्याकाळी काटेसाहेब घरी आले की त्या सगळं साग्रसंगीत सांगायच्या. "चारशे मीटरवरून, अहो! वारा सुटलेला, आणि मी त्याच्या मानेची शीर धरून मारला!"

"हात बसला की तुझा," काटेसाहेब म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

हात बसला. या वाक्यावर सुईताई कितीतरी दिवस जगल्या. खिडकीवर त्यांनी पेशंटांना झापणं कमी केलं. त्या वाट बघत होत्या, आणि मोका मिळाला तो ट्रकवाल्या काकांमुळे.

हे काका जन्मभर ट्रक चालवून आता एका वाईट आजाराशी झुंजत होते. ठरावीक दिवसांनी त्यांचं रक्त तपासावं लागायचं आणि औषधांनी त्यांच्या शिरा दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. सुईताईंखेरीज कुणालाही ते हात लावू देत नसत. कधी दुसऱ्या कुणी टोचलंच, तर काका असल्या कचकचीत शिव्या हासडायचे की बाहेर बसलेल्या बायका पोराबाळांचे कान झाकायच्या.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई बाहेरगावी होत्या. आत रक्त काढायला चष्मेवाली होती. सुईताईंच्याच हाताखाली शिकलेली, शांत, जरा घाबरट. काका खिडकीशी आले आणि म्हणाले, "ताई, ती चष्मेवाली मला भोसकणार. तुम्ही या."

सुईताई उठल्या. चष्मेवाली हळूच म्हणाली, "ताई, बाईंनी सांगितलंय की..."

"बाईंना मी बघते. तू नळ्या आण."

त्यांनी हातमोजे चढवले, पट्टा बांधला, खळीत बोटाने चाचपलं. शीर होती, बारीक, पण होती. किती दिवसांनी त्यांच्या अंगात तो जुना गारवा उतरला. त्यांनी सुई टेकवली, आणि सुईचं टोक त्या दोऱ्याच्या डाव्या बाजूला गेलं, मग उजव्या. कातडीवर एक लाल रेघ उमटली. त्यांनी सुई आत ढकलली. रक्त आलं नाही. आतल्या आत वळवली. रक्त आलं नाही. बाहेर काढून पुन्हा टोचली, तेव्हा शीर आरपार फुटली आणि कातडीखाली जांभळं टेंगूळ सुपारीएवढं फुगून वर आलं.

सुईताई शिव्यांची वाट बघत राहिल्या. मनापासून वाट बघत राहिल्या.

काका छताकडे बघून म्हणाले, "यंदा उकाडा लवकर सुरू झाला, नाही?"

"काका, दुखलं का?"

"छे हो, ताई. तुमचा हात म्हणजे हात. माझ्याच शिरा चावट आहेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चष्मेवालीने दुसऱ्या हाताला पट्टा बांधला, दुसऱ्या प्रयत्नात रक्त मिळालं, आणि त्या वेळीसुद्धा काकांच्या तोंडून एक शिवी निघाली नाही. सगळ्या जगाला शिव्या देणारा माणूस सुईताईंपुढे गोड बोलला. म्हणजे त्याला त्यांची कीव आली होती. एवढा अपमान त्यांचा कुणी केला नव्हता, आणि ज्याने केला त्याचा हात त्यांनीच जांभळा करून ठेवला होता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. सरळ टीव्हीसमोर बसल्या. डोक्यात एकच प्रश्न घण घालत होता. हा हात तिथे हलतो, मग इथे कसा हलत नाही?

टाकीमागचा मिशीवाला आला. सुईताईंनी फुली मुद्दाम त्याच्यापासून दूर, टाकीच्या पायावर धरली. अंगठा किंचित सैल सोडला. फुली आपली आपण सरकली, टाकीवर चढली आणि मिशीवाल्याच्या कपाळावर जाऊन बसली. सुईताईंनी डोळे मिटले. गच्च मिटले. अंगठा वेडावाकडा फिरवला आणि बटण दाबलं.

"शाबास, सैनिक!" कमांडर म्हणाला.

त्यांनी पुन्हा डोळे मिटून मारलं. पुन्हा शाबास. तोंड खिडकीकडे करून मारलं. शाबास. मग त्यांनी चष्मा लावला आणि कधी न उघडलेली सेटिंगची पानं एकेक करून उघडली. आवाज, उजेड, आणि खाली एक ओळ, ‘नेमाला मदत’. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘पूर्ण’.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती वाटेत कुठे कुठे थांबते, हे सुईताईंना त्या दुपारी कळलं. आधी पोटात थांबली, मग घशात. घरात माणसं दोन. त्यांनी स्वतः ही ओळ आजच पाहिली होती. काटेसाहेब यायला अजून अवकाश होता आणि तेवढा वेळ सुईताई हलल्या नाहीत.

काटेसाहेब आले, चपला काढल्या, आणि पडद्यावर उघडं असलेलं ते पान त्यांना दिसलं. शिक्का नसलेल्या काट्यासकट पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा त्यांनी हजारदा पाहिला असेल. आता तो त्यांचाच झाला.

"कधी केलंत?" सुईताई म्हणाल्या.

"अगं, तू त्या दिवशी स्वयंपाकघरात... मला बघवेना. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली असं असं करता येतं. खेळच तर आहे."

"खेळ? मी आज काकांचा हात फोडून आले!"

"कुठल्या काकांचा?"

"ट्रकवाल्या! जे माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत त्या! मी खिडकीवरून उठून गेले. का गेले? माझा हात बसला म्हणून! कोण म्हणालं होतं हात बसला?"

काटेसाहेबांनी टीव्ही बंद करायला पुढे केलेला हात सुईताईंनी बाजूला सारला.

"एखाद्या वाण्याने काट्यावर नुसतं बोट टेकवलं तर तुम्ही त्याचं दुकान बंद करता. माझ्या भावाला सोडलं नाहीत! आणि घरात? घरात माझ्या पारड्यात रोज अंगठा दाबून ठेवलात, आणि वर मी आनंदाने नाचतेय ते पेपरच्या आडून बघत बसलात!"

"तू खूश होतीस गं."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. सुईताईंनी रिमोट उचलला. क्षणभर काटेसाहेबांना वाटलं, आता तो आपल्या कपाळात बसणार, आणि त्यांनी मान खाली घातली. पण सुईताईंनी ‘पूर्ण’च्या जागी ‘बंद’ केलं आणि शेजारची उशी थोपटली.

"बसा इथे. मी खेळते. तुम्ही बघायचं आणि काय दिसतंय ते सांगायचं."

काटेसाहेब बसले. टाकीमागचा मिशीवाला आला. फुली त्याच्या डोक्यावरून गेली, टाकीवर, आभाळात, वाळूत, परत टाकीवर. सुईताईंनी श्वासाचं बटण दाबून धरलं, तरी ती चिमणीसारखी टुणटुणत राहिली. गोळी वाळूत गेली. दुसरी आभाळात.

"काय दिसतंय?"

"रिमोट जुना झालाय," काटेसाहेब म्हणाले.

"परत बघा." गोळी टाकीला लागून टण्णकन आवाज झाला. "काय दिसतंय?"

"तू दमली आहेस. जेवली नाहीस वाटतं."

"परत बघा!"

"अगं, पुरे कर ना..."

"नाही पुरे! तिथे तो म्हातारा मला उकाड्याच्या गोष्टी सांगतो, इथे तुम्ही रिमोटच्या. एकट्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, तर मी त्यांच्याशी अबोला धरला! डोळे आहेत ना तुम्हाला? बघा आणि बोला!"

"हलतोय!" काटेसाहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोवर ओरडले. "हलतोय, हलतोय, हात हलतोय तुझा! चहाचा कप बशीवर वाजायला लागला की मी टीव्हीचा आवाज मोठा करतो! तुला ऐकू जाऊ नये म्हणून! झोपेत हलतो, तेव्हा धरून पडतो मी तो हात! काय करू मी? काटा असता तर सील ठोकून मोकळा झालो असतो!"

पडद्यावर मिशीवाले धावत आले आणि त्यांनी सुईताईंना ठार केलं. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही. काटेसाहेब रुमाल शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. सुईताईंनी त्यांना आपला पदर दिला नाही. अजून त्या तेवढ्या निवळल्या नव्हत्या.

"उद्या मी बाईंना सांगणार, काकांचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मध्ये पडायचं नाही. आणि मग हात दाखवायला जायचं. तिथे तुम्ही यायचं."

"येतो की."

"तिथला डॉक्टर विचारेल, कधीपासून हलतोय. मी काय सांगू? मला विचाराल तर गेल्या काही महिन्यांपासून." त्यांनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "कधीपासून?"

काटेसाहेबांनी सवयीने तोंड उघडलं आणि सवयीने काहीतरी मऊ शोधायला लागले. मग ते थांबले.

"पोरीच्या लग्नात," ते म्हणाले. "नोंदणीच्या कचेरीत तू सही करत होतीस ना, तेव्हा पहिल्यांदा दिसला."

सुईताईंना ती सही आठवली. अक्षर वेडंवाकडं आलं होतं, आणि यांनीच घाईघाईने खिशातून दुसरं पेन काढून दिलं होतं. पेन खराब आहे म्हणाले होते. त्यांनी विश्वास ठेवला होता. त्या लग्नाला आता दोन वर्षं होत आली होती.

दोन वर्षं. एवढ्या दिवसांत रोज सकाळी किती हात त्यांच्यापुढे आले असतील. बाह्या वर केलेले, विश्वासाने उताणे टाकलेले. त्यातली कितीतरी माणसं काकांसारखीच छताकडे बघत काहीबाही बोलली असतील आणि त्या खुशाल त्यांना श्वास सोडा म्हणून झापत होत्या.

"तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. आवाज फुटला, पण राग तसाच होता. "अहो, तेव्हाच का नाही बोललात?"